मातांमधील चिंताविकार

मातांमधील चिंताविकार म्हणजे गरोदरपणात, प्रसूतीनंतर किंवा मुलांच्या संगोपनाच्या पुढील काळात स्त्रीला जडणारी अशी चिंता, जी प्रसंगाच्या मानाने अवाजवी असते, प्रयत्न करूनही आवरत नाही आणि झोप, काम व नातेसंबंध यांत बाधा आणते. मुलांची काळजी वाटणे हा मातृत्वाचा स्वाभाविक भाग असल्यामुळे हा विकार घरच्यांच्या, डॉक्टरांच्या आणि पुष्कळदा खुद्द मातेच्याही लक्षात येत नाही. प्रसूतीपश्चात नैराश्याच्या तुलनेत त्याकडे वैद्यकशास्त्राचे लक्षही उशिरा वळले.

हा विकार उपचारसाध्य आहे. समुपदेशन व मानसोपचार, आवश्यकतेनुसार औषधे आणि घरातील कामाची व विश्रांतीची फेररचना हे त्याच्या उपचाराचे तीन मुख्य घटक होत. कोणत्या मातेला यांपैकी काय व किती द्यावे, हे लक्षणांची तीव्रता, गरोदरपण वा स्तनपान, पूर्वीचे आजार आणि तिची स्वतःची पसंती यांवरून ठरते.

## संज्ञा

मराठीत चिंतेच्या छटा दाखविणारे शब्द विपुल आहेत. ‘काळजी’ या शब्दात आस्था आणि भीती दोन्ही सामावतात. ‘मुलाची काळजी घेणे’ व ‘मुलाची काळजी वाटणे’ या दोन भिन्न क्रियांना भाषेने एकच नाम दिले आहे. ‘घोर’, ‘धास्ती’, ‘धसका’, ‘घालमेल’, ‘हुरहुर’, ‘जीव टांगणीला लागणे’, ‘जीव खालीवर होणे’ हे शब्दप्रयोग चिंतेची तीव्रता व तिचा शरीरातील अनुभव व्यक्त करतात. चिता आणि चिंता यांत केवळ एका अनुस्वाराचे अंतर आहे, हे पारंपरिक निरीक्षण आजही बोलण्यात येते.

वैद्यकीय परिभाषेत ‘चिंताविकार’ ही एका गटाला दिलेली संज्ञा आहे. तीत सार्वत्रिक चिंताविकार, भीतीचे झटके येणारा विकार (पॅनिक डिसऑर्डर), सामाजिक भीती व विशिष्ट भयगंड यांचा समावेश होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत सार्वत्रिक चिंताविकाराचा संकेतांक ६बी०० असा आहे. मातांच्या चिंतेसाठी स्वतंत्र निदान नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम–५ या पुस्तिकेत ‘प्रसूतीच्या सुमारास सुरू झालेला’ अशी नोंद नैराश्यासारख्या भावस्थितीच्या विकारांना जोडता येते, चिंताविकारांना ती जोडण्याची सोय नाही.

## स्वरूप व लक्षणे

चिंतेची लक्षणे विचार, शरीर व वर्तन या तीन पातळ्यांवर दिसतात.

* विचार : काहीतरी वाईट घडणार ही सततची धास्ती, एक काळजी मिटताच दुसरी सुरू होणे, बाळ श्वास घेते आहे ना, दूध पुरते आहे ना, शाळेची गाडी वेळेवर येईल ना, अशा शंका निरसन होऊनही पुन्हा पुन्हा येणे.
* शरीर : छातीत धडधड, घाम, हातापायांना मुंग्या किंवा कंप, मान व खांदे आखडणे, पोटात गोळा येणे, डोके जड होणे, थकवा, बाळ झोपले असतानाही झोप न लागणे.
* वर्तन : रात्रीतून अनेकदा उठून बाळाला तपासणे, बाळ कोणाकडेही न सोपविणे, प्रवास वा समारंभ टाळणे, इंटरनेटवर आजारांची माहिती सतत शोधणे, घरच्यांकडून वारंवार दिलासा मागणे, चिडचिड.

ग्रामीण व निमशहरी भागात स्त्रिया मनाच्या तक्रारीऐवजी शरीराची तक्रार घेऊन दवाखान्यात येतात. अशक्तपणा, अंगदुखी, चक्कर व ‘अंगावर पांढरे जाणे’ या त्यांतील नेहमीच्या तक्रारी होत. गोव्यात विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात अंगावर पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध प्रजननमार्गाच्या जंतुसंसर्गापेक्षा नैराश्य व चिंता यांच्याशी अधिक दृढ असल्याचे आढळले. अशा वेळी केवळ जंतुनाशके, शक्तिवर्धके किंवा ‘ताकदीचे सलाइन’ दिल्यास मूळ दुखणे तसेच राहते.

### अनाहूत विचार

‘बाळ हातातून पडले तर’, ‘माझ्याच हातून त्याला इजा झाली तर’ असे भयावह विचार वा दृश्ये नव्या मातांच्या मनात अनेकदा येतात. हे विचार नकोसे असतात, त्यांनी माता हादरते आणि बाळाला अधिकच जपते. चिंता व मंत्रचळ यांतील असे विचार म्हणजे इजा करण्याची इच्छा नव्हे. ‘मला वेडी ठरवतील, बाळ काढून घेतील’ या भीतीने माता ते सांगत नाहीत आणि उपचार लांबतो. याउलट, प्रसूतीपश्चात मनोविकृतीत (सायकोसिस) मातेला भास होतात, चुकीच्या समजुती खऱ्या वाटतात आणि त्या विचारांची तिला भीतीही वाटत नाही. हा विकार दर हजार प्रसूतींमागे एक ते दोन स्त्रियांना होतो व त्यासाठी तातडीने रुग्णालयात दाखल करावे लागते.

### नित्याची काळजी व विकार

काळजी आणि चिंताविकार यांत ठळक रेघ नाही. तथापि पुढील बाबींवरून फरक करता येतो. नित्याची काळजी विशिष्ट कारणाशी निगडित असते, कारण दूर होताच ओसरते आणि तिच्यातून काही उपयुक्त कृती घडते. उदाहरणार्थ, ताप आलेल्या बाळाला दवाखान्यात नेले जाते. विकारातील चिंता कारण संपल्यावरही टिकते, एका विषयावरून दुसऱ्यावर सरकते व कृतीऐवजी केवळ दमणूक निर्माण करते. डीएसएम–५ नुसार सार्वत्रिक चिंताविकाराच्या निदानासाठी किमान सहा महिने, बहुतेक दिवशी, अनेक विषयांबाबत आवरता न येणारी चिंता असावी लागते. तिच्याबरोबर अस्वस्थता, लवकर थकणे, लक्ष न लागणे, चिडचिड, स्नायूंचा ताण आणि झोपेतील बिघाड या सहांपैकी किमान तीन लक्षणे असावी लागतात. नव्या मातेने मदत मागण्यासाठी मात्र सहा महिने थांबण्याची आवश्यकता नसते.

प्रसूतीनंतर पहिल्या काही दिवसांत येणारे रडू, हळवेपणा व अस्वस्थता पुष्कळ स्त्रियांत दिसते. ती साधारणतः दोन आठवड्यांत आपोआप शमते आणि तिला विकार मानले जात नाही.

## प्रमाण

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात (डेनिस व सहकारी) गरोदरपणात सुमारे १५ टक्के आणि प्रसूतीनंतरच्या सहा महिन्यांत सुमारे १० टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता चिंताविकार असल्याचे आढळले. चिंता आणि नैराश्य अनेकदा एकाच वेळी असतात.

भारतात निम्हान्स या संस्थेने २०१५–१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात चिंता व नैराश्य यांसारख्या सामान्य मानसिक विकारांच्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचे दिसून आले. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता.

## कारणे व जोखीम

चिंताविकाराचे एकच एक कारण नसते. आनुवंशिक कल, पूर्वीचा चिंता वा नैराश्याचा आजार, आधीचा गर्भपात किंवा अर्भकमृत्यू, कठीण प्रसूती, बाळ अपुऱ्या दिवसांचे असणे, झोपेचा दीर्घकाळ तुटवडा, आर्थिक ओढाताण, पतीचे व्यसन व घरगुती हिंसा हे जोखीम वाढविणारे घटक आहेत.

भारतीय संदर्भात अपत्याच्या लिंगाचा मुद्दाही महत्त्वाचा ठरतो. गोव्यातील मातांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास (पटेल, रॉड्रिग्ज व डिसूझा) प्रसूतीपश्चात नैराश्यावर होता. त्यात सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांत नैराश्य आढळले आणि त्याचा संबंध गरिबी, पतीशी बिघडलेले संबंध व मुलगी जन्मणे यांच्याशी दिसला. यांपैकी बहुसंख्य मातांना गरोदरपणातच मानसिक त्रास सुरू झालेला होता. म्हणजे प्रसूतीपूर्व तपासण्यांच्या वेळीच तो ओळखण्याची संधी होती.

मुले मोठी झाल्यावर चिंतेचे विषय बदलतात. दहावी–बारावीच्या परीक्षा, मोबाइलचा वापर, मुलींची सुरक्षितता, मुलांचे नोकरी–लग्न हे विषय पुढे येतात. नोकरी, घरकाम व वृद्धांची शुश्रूषा एकाच वेळी सांभाळणाऱ्या स्त्रियांत चिंता रजोनिवृत्तीच्या सुमारास पुन्हा उफाळू शकते.

## निदान

निदान मुख्यतः मातेशी एकांतात, सावकाश केलेल्या संवादातून होते. सासू किंवा पती समोर असताना अनेक स्त्रिया मोकळेपणाने बोलत नाहीत. म्हणून संवादाचा काही भाग एकटीशी करणे इष्ट समजले जाते.

चाळणीसाठी दोन प्रश्नावल्या प्रचलित आहेत.

* जीएडी–७ : स्पिट्झर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. गेल्या दोन आठवड्यांतील लक्षणांविषयी सात प्रश्न असून प्रत्येकास ० ते ३ गुण दिले जातात. एकूण २१ पैकी ५, १० व १५ गुणांपासून अनुक्रमे सौम्य, मध्यम व तीव्र चिंता समजली जाते.
* एडिंबरो प्रसूतीपश्चात नैराश्य मापनी : कॉक्स, होल्डन व सॅगॉव्हस्की यांनी १९८७ मध्ये तयार केली. तिच्यात दहा प्रश्न आहेत. ती नैराश्यासाठी असली तरी तिच्यातील तिसरा, चौथा व पाचवा प्रश्न चिंतेचा मागोवा घेतो.

प्रश्नावलीतील गुण म्हणजे निदान नव्हे. पुढील तपासणीची गरज आहे किंवा नाही एवढेच त्यातून समजते.

चिंतेसारखी लक्षणे निर्माण करणारे शारीरिक आजार वगळणे हा निदानाचा आवश्यक भाग आहे. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत थायरॉइड ग्रंथीचा दाह होऊन धडधड, कंप, वजन घटणे व अस्वस्थता जाणवू शकते. म्हणून टीएसएच ही रक्ततपासणी केली जाते. रक्तक्षयानेही धडधड व थकवा येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण–५ (२०१९–२१) नुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. जीवनसत्त्व बी–१२ ची कमतरता, हृदयाच्या झडपांचे आजार आणि चहा–कॉफीचे अतिसेवन यांचाही विचार केला जातो.

## उपचार

### पायरीपायरीने उपचार

चिंताविकारात सर्वांना एकच उपचार दिला जात नाही. सौम्य त्रासात माहिती, आधार, झोपेची व्यवस्था व स्वमदत. मध्यम त्रासात मानसोपचार. तीव्र त्रासात मानसोपचार व औषधे एकत्र, असा क्रम सामान्यतः पाळला जातो. प्रत्येक पायरीवर काही आठवड्यांनी आढावा घेऊन पुढची पायरी गाठली जाते. एखादा उपचार लागू पडला नाही याचा अर्थ आजार असाध्य आहे असा नसून उपचार बदलण्याची गरज आहे, एवढाच होतो.

### मानसोपचार

बोधात्मक वर्तनोपचार (सीबीटी) हा चिंताविकारातील सर्वाधिक अभ्यासला गेलेला मानसोपचार आहे. ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात त्याचा पाया घातला. चिंता वाढविणारा विचार ओळखणे, त्याची पुराव्याच्या आधारे छाननी करणे आणि टाळलेल्या गोष्टी टप्प्याटप्प्याने करून पाहणे हे त्याचे तत्त्व होय. रात्री दहा वेळा उठून बाळाला तपासणारी माता समुपदेशकाच्या मदतीने ही संख्या आठ, पाच, दोन अशी कमी करते. प्रत्येक टप्प्यावर ‘न तपासताही बाळ सुखरूप असते’ हा अनुभव तिला येतो आणि चिंतेचे बळ घटते. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार सार्वत्रिक चिंताविकारात साधारणतः आठवड्यास एक याप्रमाणे १२ ते १५ बैठका सुचविल्या जातात.

विवेकनिष्ठ मानसोपचार (आरईबीटी) ही अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली पद्धती महाराष्ट्रात विशेष परिचित आहे. मुंबईचे कि. मो. फडके यांनी तिचे अध्यापन व मराठीतून लेखन दीर्घकाळ केले. डॉ. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या पुस्तकामुळे ती सामान्य वाचकांपर्यंत पोहोचली. ‘मी परिपूर्ण आई असलेच पाहिजे’ या प्रकारच्या ‘च’काराच्या आग्रहांतून भावनिक त्रास उद्भवतो व त्या आग्रहांचे रूपांतर इच्छेत केल्यास तो कमी होतो, असे ही पद्धती मानते.

याखेरीज समस्या सोडविण्याचे प्रशिक्षण, नातेसंबंधांवर भर देणारा आंतरव्यक्तिक मानसोपचार, स्नायू क्रमाक्रमाने ताणून सैल करण्याचे जेकबसन यांचे तंत्र आणि काळजी करण्यासाठी दिवसातील ठरावीक वेळ राखून ठेवण्याची पद्धत उपयोगात आणली जाते.

### औषधे

चिंताविकारात प्रथम पसंतीची औषधे सेरोटोनिनवर कार्य करणाऱ्या एसएसआरआय गटातील आहेत. सर्ट्रालिन व एस्सिटॅलोप्रॅम ही त्यांची उदाहरणे. ती नैराश्यविरोधी म्हणून ओळखली जात असली तरी चिंतेवरही परिणामकारक ठरतात. त्यांचा परिणाम दिसण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. प्रारंभीच्या काही दिवसांत मळमळ, डोकेदुखी किंवा अस्वस्थता वाढू शकते. पुष्कळ रुग्ण याच टप्प्यावर औषध सोडतात. बरे वाटू लागल्यानंतरही औषध सामान्यतः सहा महिने ते एक वर्ष चालू ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी केले जाते. या गटातील औषधांचे व्यसन लागत नाही. मात्र ती एकाएकी थांबविल्यास चक्कर व बेचैनी यांसारखा त्रास होऊ शकतो.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही बेंझोडायझेपिन गटातील औषधे मिनिटांत वा तासाभरात शांतता देतात. म्हणूनच ती रुग्णप्रिय आहेत. परंतु काही आठवड्यांच्या नियमित सेवनाने शरीराला त्यांची सवय लागते, मात्रा वाढत जाते आणि बंद केल्यास चिंता दुप्पट जोराने परतते. त्यामुळे ती अल्पकाळासाठीच द्यावीत असा संकेत आहे. भारतात अल्प्राझोलाम व डायझेपाम ही औषधे ‘एच–१’ अनुसूचीत असून त्यांच्या विक्रीची नोंद औषधविक्रेत्याने ठेवणे बंधनकारक आहे. जुनी चिठ्ठी दाखवून वा शेजारणीच्या गोळ्या घेऊन केलेला उपचार या गटाच्या बाबतीत विशेष घातक ठरतो.

### गरोदरपण व स्तनपान

औषधांमुळे बाळाला अपाय होईल ही मातांची व कुटुंबाची सर्वांत मोठी शंका असते. या संदर्भात औषधाची जोखीम आणि उपचार न केलेल्या आजाराची जोखीम यांची तुलना केली जाते. तीव्र चिंतेचा संबंध अपुऱ्या दिवसांची प्रसूती व कमी जन्मवजन यांच्याशी जोडला गेला आहे.

सर्ट्रालिन मातेच्या दुधात अत्यल्प प्रमाणात उतरते. त्यामुळे स्तनपान करणाऱ्या मातांसाठी ते सामान्यतः पसंत केले जाते व त्यासाठी अंगावरचे दूध तोडण्याची सहसा आवश्यकता नसते. पॅरॉक्सेटिन गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत शक्यतो टाळले जाते. गरोदरपणाच्या अखेरीस एसएसआरआय घेतल्यास नवजात बाळात काही दिवस चुळबूळ वा किरकिर दिसू शकते. म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवले जाते. बेंझोडायझेपिनमुळे बाळाला गुंगी येऊ शकते. बाळ अपुऱ्या दिवसांचे वा आजारी असल्यास बालरोगतज्ज्ञाचा सल्ला घेतला जातो. आधीपासून औषध चालू असलेल्या स्त्रीने गर्भ राहिल्याचे कळताच ते परस्पर बंद करणे हे आजार उलटण्याचे एक प्रमुख कारण आहे.

### योग, व्यायाम व पारंपरिक उपाय

नियमित चालणे, योगासने व श्वसनाचे सावकाश प्रकार यांमुळे सौम्य चिंतेत लाभ होतो. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सार्वत्रिक चिंताविकाराच्या रुग्णांपैकी योगाने ५४ टक्के, बोधात्मक वर्तनोपचाराने ७१ टक्के आणि केवळ तणावविषयक शिक्षणाने ३३ टक्के रुग्णांना गुण आला. म्हणजे योग उपयुक्त आहे, तथापि मध्यम व तीव्र विकारात तो मानसोपचाराचा पर्याय ठरत नाही. अश्वगंधा ही वनस्पती चिंतेसाठी लोकप्रिय असली तरी गरोदरपणात ती टाळण्याचा सल्ला दिला जातो.

### झोप व घरातील सहभाग

झोप हा उपचाराचाच भाग मानला जातो. रात्रीचे एखादे दूध घरातील अन्य व्यक्तीने, काढून ठेवलेल्या दुधाच्या साहाय्याने पाजल्यास मातेला सलग चार–पाच तासांची झोप मिळू शकते. पतीचा सहभाग, वरकामाची वाटणी आणि सल्ल्यांच्या भडिमारापासून मातेची सुटका या गोष्टींवाचून औषध व समुपदेशन यांचा परिणाम मर्यादित राहतो.

### तातडीची लक्षणे

जीव नकोसा होणे, आत्महत्येचे विचार, भास, दिवसेंदिवस झोपेविना राहूनही न थकणे, बाळाविषयी विचित्र समजुती किंवा बाळाकडे पूर्ण दुर्लक्ष ही लक्षणे दिसल्यास मातेला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात नेणे आवश्यक असते. केंद्र शासनाची टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही अहोरात्र समुपदेशन मिळते. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

## समाजाधारित प्रयोग

मानसोपचारतज्ज्ञांची संख्या अपुरी असल्याने प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांमार्फत उपचार देण्याचे प्रयोग भारतीय उपखंडात झाले आहेत.

* मानस, गोवा : संगथ या संस्थेने गोव्यात केलेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आरोग्यक्षेत्राची पार्श्वभूमी नसलेल्या, परंतु प्रशिक्षित समुपदेशकांनी डॉक्टर व मानसोपचारतज्ज्ञ यांच्या सहकार्याने चिंता व नैराश्याच्या रुग्णांना पायरीपायरीने उपचार दिले. शासकीय आरोग्य केंद्रांत सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले; नेहमीच्या उपचारात हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. खासगी दवाखान्यांत असा स्पष्ट फरक दिसला नाही. हा प्रयोग मातांपुरता मर्यादित नव्हता.
* थिंकिंग हेल्दी : अतिफ रहमान यांनी पाकिस्तानातील रावळपिंडी परिसरात नैराश्यग्रस्त मातांसाठी विकसित केलेला हा कार्यक्रम २००८ मध्ये प्रसिद्ध झाला व पुढे जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारला. गोव्यात तो ‘सखी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थानिक मातांमार्फत राबविण्यात आला.
* आत्मीयता : पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३ पासून नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात हा उपक्रम राबविला. त्यात गावातीलच स्वयंसेवक ताणग्रस्त व्यक्तींना ओळखून समुपदेशन करतात आणि शासकीय योजनांशी जोडून देतात.

बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९ पासून माता व बाळ यांना एकत्र दाखल करून घेणारा विशेष कक्ष आहे.

## मुळशी तालुक्यातील परिस्थिती

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात या प्रश्नाची दोन टोके शेजारी–शेजारी दिसतात. पूर्वेकडे हिंजवडीचे माहिती–तंत्रज्ञान संकुल, पिरंगुटचा औद्योगिक पट्टा आणि भूगाव–भुकूमसारखी झपाट्याने वाढणारी गावे आहेत. पश्चिमेकडे मुळशी धरणाच्या जलाशयाभोवतीची, ताम्हिणी घाटापर्यंत पसरलेली डोंगरी गावे व वाड्या–वस्त्या आहेत. तेथे पावसाळ्यात अतिवृष्टी व दरडींमुळे दळणवळण अवघड होते.

पूर्व भागात राहणाऱ्या अनेक माता नोकरीनिमित्त अन्य जिल्ह्यांतून वा राज्यांतून आलेल्या असतात. विभक्त कुटुंब, लांबचे माहेर, बाळंतपणाच्या रजेनंतर पाळणाघराचा शोध आणि कामाच्या ठिकाणी मागे पडण्याची भीती ही त्यांच्या चिंतेची नेहमीची कारणे असतात. खासगी समुपदेशक व मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्या आवाक्यात असले तरी बैठकांचा खर्च व वेळ यांची अडचण उरते. पश्चिम भागातील मातांना नातलगांचा आधार तुलनेने जवळ असतो. पण तेथे तज्ज्ञ नाहीत, वाहतूक कमी आहे आणि एका बैठकीसाठी दिवसाची मजुरी बुडते. आठवड्याला एक याप्रमाणे बारा बैठकांची शिफारस अशा ठिकाणी कागदावरच राहते. दूरध्वनीवरील समुपदेशन, औषधांसाठी महिन्यातून एक फेरी आणि गावपातळीवरील आधार असा मेळ तेथे अधिक व्यवहार्य ठरतो.

शासकीय व्यवस्थेत उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यानंतर तालुक्याचे मुख्यालय असलेल्या पौड येथील ग्रामीण रुग्णालय आणि पुढे औंध येथील जिल्हा रुग्णालय अशी संदर्भसेवेची साखळी आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये व त्याअंतर्गत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. पुण्यातील ससून रुग्णालय व बै. जी. वैद्यकीय महाविद्यालय येथे मानसोपचार विभाग आहे, तर येरवडा येथे राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. चिंताविकाराच्या बहुसंख्य मातांना मनोरुग्णालयात दाखल होण्याची आवश्यकता नसते. बाह्यरुग्ण विभागातील उपचार पुरेसे असतात. ‘येरवडा’ या नावाशी लोकव्यवहारात जोडल्या गेलेल्या उपहासामुळे मात्र मानसोपचाराचा उल्लेखही अनेक कुटुंबांना अपमानास्पद वाटतो.

या साखळीतील सर्वांत जवळचा दुवा आशा स्वयंसेविका हा आहे. डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत विकसित केलेल्या घरोघरी नवजात बालसेवेच्या पद्धतीवर आधारित शासकीय कार्यक्रमात आशा स्वयंसेविका संस्थात्मक प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी भेट देते. या सहा भेटींत बाळाचे वजन व तापमान पाहिले जाते. त्याच वेळी मातेच्या झोपेविषयी व मनःस्थितीविषयी दोन प्रश्न विचारले गेल्यास चिंता लवकर ओळखता येऊ शकते.

## कायदेशीर तरतुदी

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार शासकीय वा शासनपुरस्कृत सेवेतून मानसिक आरोग्य उपचार मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे. उपचार घेणाऱ्या मातेच्या तीन वर्षांखालील अपत्यास तिच्यापासून सामान्यतः वेगळे करता येत नाही. अपत्याच्या जिवास धोका असल्यास केलेले विलगीकरण तात्पुरते असावे लागते. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. आरोग्य विम्यात शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही तरतूद असावी, असे हा कायदा सांगतो.

२०१७ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतीरजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक करण्यात आली. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा गुन्हा आहे.

## समाज व संस्कृती

महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची, सव्वा महिना विश्रांती देण्याची, तेल–मालीश व शेक–शेगडीची परंपरा आहे. तिच्यातून मातेला झोप, पौष्टिक आहार व अनुभवी सोबत मिळते. मात्र घराबाहेर पडण्यावरील बंधने व सततच्या सूचना यांमुळे काही मातांची चिंता वाढतेही. बाळंतिणीचा अस्वस्थपणा ‘दृष्ट’ किंवा ‘बाहेरची बाधा’ समजून देवऋषीकडे नेण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. अंगारा वा दृष्ट काढणे यांतून दिलासा मिळत असला, तरी त्यापायी वैद्यकीय उपचार लांबणे धोक्याचे ठरते.

स्त्रियांच्या चिंतेची मराठीतील सर्वांत मोठी नोंद जात्यावरच्या ओव्यांत सापडते. पुण्याच्या हेमा राइरकर व गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यांतील अनेक ओव्या मुळशी तालुक्यातील नांदगाव, कोळवडे यांसारख्या गावांतील स्त्रियांनी गायल्या आहेत. सासरी गेलेल्या लेकीचा घोर, लेकराचे आजारपण, परगावी गेलेला मुलगा हे त्यांचे नेहमीचे विषय आहेत. पहाटे दोघी–तिघींनी मिळून दळताना मनातले बोलण्याची ती एक मान्य जागा होती. पिठाच्या गिरण्यांमुळे श्रम वाचले; त्याबरोबर ती जागाही नाहीशी झाली. आजचे बचतगट, अंगणवाडीतील मातांच्या सभा व समुपदेशनाच्या गट–बैठका काही अंशी तिची उणीव भरून काढतात.

मराठी चित्रपटांत सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी मानसिक आजारांचे विषय सातत्याने हाताळले. त्यांचा ‘देवराई’ (२००४) स्किझोफ्रेनियावर, तर राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळ मिळविणारा ‘कासव’ नैराश्यावर आहे. मानसोपचारतज्ज्ञ व अभिनेते डॉ. मोहन आगाशे ‘कासव’च्या निर्मितीत सहभागी होते.

## हे सुद्धा पहा

* प्रसूतीपश्चात नैराश्य
* बोधात्मक वर्तनोपचार
* आशा स्वयंसेविका
* मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७
* मुळशी तालुका
* ओवी